घुंगरांनी दहावीतच का थांबावे?

नांदेड आणि लातूर या दोन शहरांची आज महाराष्ट्रभर जी ओळख आहे, ती प्रामुख्याने अभ्यासाची आहे. 'लातूर पॅटर्न' हा शब्द तर शिक्षणक्षेत्रात रूढच झाला आहे. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून विद्यार्थी येथे खोली घेऊन राहतात. शिकवणी वर्ग, अभ्यासिका, खानावळी आणि वसतिगृहे यांवर या शहरांतील कितीतरी घरांचा संसार चालतो. मोंढ्यातील आडत दुकानदाराचा नातू डॉक्टर होतो, गंजगोलाईतील कापड व्यापाऱ्याची नात सनदी लेखापाल होते, याचा आनंद आपण सर्वांनी अनुभवला आहे आणि तो रास्तही आहे.

याच घरांमध्ये आणखी एक गोष्ट घडते. तिच्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. मुलगी सहा-सात वर्षांची झाली की तिला कथक किंवा भरतनाट्यमच्या वर्गाला घातले जाते. महावीर जयंतीच्या सांस्कृतिक कार्यक्रमात, शाळेच्या स्नेहसंमेलनात ती नाचते आणि आजी-आजोबा पहिल्या रांगेत बसून कौतुक करतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा ती क्रमाने देते. शास्त्रीय कलेच्या प्रमाणपत्रासाठी दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात, हे आता प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. ते गुण पदरात पडले की घुंगरू कपाटात जातात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ठेव मुदतपूर्ती झाली, रक्कम जमा झाली आणि खाते बंद करण्यात आले.

सर्वच मुलींनी नर्तिका व्हावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु शंभरातील एखादीला खरोखर देणगी असते आणि तिचे खातेही इतरांच्या बरोबरीने सरसकट बंद होते. मुलांच्या बाबतीत तर ते उघडलेच जात नाही. यामागे आपली एक समजूत आहे. नृत्य म्हणजे हौस, फार तर मनोरंजन. त्यातून घराला, समाजाला काय मिळणार? या समजुतीची तपासणी करण्यासाठी दोन नर्तकांच्या कार्याची ओळख वाचकांना करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

वाणिज्य शाखेचा एक पदवीधर

अस्ताद देबू यांचा जन्म १३ जुलै १९४७ रोजी गुजरातमधील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे बालपण कोलकाता आणि जमशेदपूर येथे गेले. लहानपणीच त्यांनी गुरू प्रल्हाद दास यांच्याकडे कथकचे धडे घेतले. पुढे ते मुंबईस आले आणि पोदार महाविद्यालयात वाणिज्य शाखेचे विद्यार्थी झाले. इथपर्यंतची वाट आपल्या घरांतील मुलांसारखीच आहे. जमाखर्च, लेखापरीक्षण, व्यापारी कायदा यांचा अभ्यास करायचा आणि नंतर नोकरी अथवा व्यवसाय धरायचा.

त्याच सुमारास मुंबईत अमेरिकन नर्तक मरे लुई यांच्या नृत्यसंचाचा प्रयोग त्यांनी पाहिला आणि शरीर या पद्धतीनेही बोलू शकते, याचा त्यांना साक्षात्कार झाला. १९६९ मध्ये, बाविशीच्या आसपास, ते देशाबाहेर पडले. हाती पैसा बेताचाच होता. मिळेल त्या वाहनाने प्रवास करीत ते युरोपात पोहोचले. लंडनमध्ये मार्था ग्रॅहम यांच्या आणि न्यूयॉर्कमध्ये होजे लिमोन यांच्या नृत्यपद्धतीचे शिक्षण त्यांनी घेतले. अनेक देश पाहून १९७७ मध्ये ते मायदेशी परतले आणि मग, परदेशातून एवढे शिकून आल्यानंतर, गुरू ई. के. पणिक्कर यांच्याकडे पुन्हा विद्यार्थी होऊन कथकली शिकले.

'समकालीन नृत्य' हा शब्द काही वाचकांना अपरिचित असेल. दूरचित्रवाणीवरील स्पर्धांमध्ये दिसणाऱ्या कसरतींपुरता त्याचा अर्थ मर्यादित नाही. ठरलेली कथा, ठरलेला वेश आणि ठरलेल्या मुद्रा यांची चौकट सोडून, आजच्या माणसाचा अनुभव शरीराच्या हालचालींतून मांडणे हा त्याचा गाभा होय. आपल्याकडे या विचाराचा पाया उदय शंकर यांनी घातला. त्यांनी अलमोडा येथे १९३८ मध्ये संस्कृती केंद्र स्थापन केले होते. देबू यांनी कथकची लय, कथकलीची दृष्टी आणि पाश्चात्य नृत्याची मोकळीक यांतून स्वतःची शैली घडविली. ती सुरुवातीस फारशी कोणाला रुचली नाही. शास्त्रीय नृत्याच्या जाणकारांना ती परकी वाटे, तर परदेशी आयोजकांना ती पुरेशी 'भारतीय' वाटत नसे. दोन्हीकडील उपेक्षा सहन करीत ते काम करीत राहिले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९५ मध्ये मिळाला आणि पद्मश्री २००७ मध्ये, म्हणजे वयाच्या साठाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर.

न ऐकणाऱ्यांचा ताल

आपल्या विषयाच्या दृष्टीने देबू यांच्या जीवनातील सर्वांत महत्त्वाचा भाग १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू होतो. कोलकाता येथील 'अ‍ॅक्शन प्लेअर्स' या कर्णबधिर कलावंतांच्या नाट्यसंस्थेबरोबर त्यांनी काम करण्यास आरंभ केला. पुढे चेन्नईच्या क्लार्क कर्णबधिर विद्यालयातील मुलींना त्यांनी वर्षानुवर्षे नृत्य शिकविले. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे कर्णबधिरांच्या जागतिक क्रीडास्पर्धेच्या निमित्ताने या मुलींनी देबू यांच्या मार्गदर्शनाखाली आपले नृत्य सादर केले.

ज्यांना संगीत ऐकू येत नाही, त्या मुली तालात कशा नाचतात, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर समजून घेण्याजोगे आहे. ताल केवळ कानांत नसतो. अंकांची मनातल्या मनात मोजणी, जमिनीतून तळव्यांना जाणवणारी कंपने, शिक्षकाच्या हाताची खूण आणि शेजारच्या नर्तिकेच्या श्वासाची लय यांतूनही तो धरता येतो. शिवाय कर्णबधिर व्यक्ती दिवसभर डोळे, चेहरा आणि हात यांच्याच भाषेत वावरत असते. कथकलीची साधनेही हीच आहेत. म्हणजे ज्या गोष्टीला जग उणेपणा म्हणते, तिच्याच पोटात दडलेले सामर्थ्य एका प्रशिक्षित नर्तकाच्या दृष्टीला दिसले. ते पाहण्यासाठी मायेबरोबरच वीस-पंचवीस वर्षांची साधनाही लागली होती.

दिल्लीत 'सलाम बालक ट्रस्ट' ही संस्था रस्त्यावरील निराधार मुलांसाठी कार्य करते. तेथील मुलांना घेऊन देबू यांनी 'ब्रेकिंग बाउंडरीज' हा नृत्यप्रयोग उभा केला आणि तो नामांकित रंगमंचांवर नेला. फलाटावर वाढलेल्या मुलाला ठरलेल्या वेळी सरावाला येणे, दुसऱ्याचा भार तोलणे, चूक झाली तर तेच पुन्हा करणे या सवयी लागणे म्हणजे काय, हे कामगारांच्या हजेरीपत्रकाशी रोज झुंजणाऱ्या आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. देबू यांनी या मुलांकडून व्यावसायिक नर्तकांइतकीच शिस्त अपेक्षिली. 'बिचारी मुले आहेत, चालेल' ही सवलत त्यांनी दिली नाही. १० डिसेंबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

पुण्यातील एक वर्ग

दुसरे उदाहरण आजच्या काळातील आणि आपल्याच भाषेतील आहे. पुण्याचे हृषीकेश पवार यांनी कथकचे शिक्षण गुरू मनीषा साठे यांच्याकडे घेतले आणि नंतर जर्मनीतील ड्रेस्डेन येथील पालुका विद्यालयात समकालीन नृत्याचा अभ्यास केला. ते रंगमंचावर नृत्य करतात, नृत्यरचना करतात आणि पुण्यातील आपल्या केंद्रात तरुणांना शिकवितात. त्यांच्या कार्याचा आणखी एक पैलू आहे. कंपवात म्हणजे पार्किन्सन झालेल्या ज्येष्ठ नागरिकांसाठी त्यांनी पुण्यात विनामूल्य नृत्यवर्ग सुरू केला. रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी कार्य करणारे पुण्याचे पार्किन्सन मित्रमंडळ या उपक्रमाशी जोडलेले आहे.

या व्याधीचे पहिले शास्त्रशुद्ध वर्णन लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केले. मेंदूतील डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. त्यामुळे हात थरथरतात, अंग ताठरते, हालचाली मंदावतात, तोल जातो आणि चेहऱ्यावरील भाव कमी होतात. अक्षर बारीक होत जाणे हेही तिचे एक लक्षण आहे. बँकेच्या सेवेत असताना ज्येष्ठ खातेदारांच्या सह्या वर्षागणिक आक्रसत गेलेल्या मी पाहिल्या आहेत. प्रत्येकाचे कारण कंपवात नसते; परंतु नमुना सहीशी जुळत नाही म्हणून धनादेश परत आला, की त्या वृद्ध गृहस्थाच्या चेहऱ्यावर जे उमटे, ते मी विसरू शकत नाही. ज्या हाताने चाळीस वर्षे पेढीच्या वह्या लिहिल्या, तोच हात आता आपला राहिला नाही, ही ती जाणीव असे.

व्यापारी कुटुंबांत या व्याधीची आणखी एक बाजू दिसते. हात थरथरू लागला, की ज्येष्ठ गृहस्थ दुकानावर यायचे कमी करतात. गिऱ्हाइकासमोर चहाचा कप सांडेल, नोटा मोजताना वेळ लागेल, याचा त्यांना संकोच वाटतो. मग लग्नकार्य सुटते, मंदिरात अथवा स्थानकात जाणे सुटते आणि माणूस आतल्या खोलीत बंदिस्त होतो. मुले-सुना औषधपाण्यात काही कमी पडू देत नाहीत. पण औषधाच्या गोळीत सोबत नसते.

नृत्याचा येथे काय उपयोग होतो? कंपवाताचा रुग्ण चालता चालता, विशेषतः दाराच्या चौकटीत, एकाएकी खिळून उभा राहतो. पाय उचलण्याची आपोआप होणारी क्रिया मेंदूकडून सुटलेली असते. अशा वेळी जमिनीवर आखलेली रेघ दिसली किंवा कोणी ठेका धरला, की तोच पाय उचलला जातो. कारण बाहेरून आलेली खूण मेंदूला दुसऱ्या मार्गाने चालना देते. लय, मोजणी, डोळ्यांपुढे धरलेली प्रतिमा आणि सोबत्याचा हात हे सर्व नर्तकाचे रोजचे साहित्य आहे. कथक शिकलेल्या माणसाला तर सोळा मात्रांत पाऊल कोठे पडावे, हे हाडीमांसी मुरलेले असते.

जगात अन्यत्रही हा अनुभव आला आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २००१ मध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने तेथील पार्किन्सन रुग्णांच्या गटासमवेत असाच वर्ग सुरू केला. आज त्या पद्धतीचे वर्ग पंचवीसहून अधिक देशांत चालतात. आधी खुर्चीवर बसून श्वास आणि हातांच्या हालचाली, मग आधार धरून उभे राहणे आणि शेवटी संगीताच्या लयीवर चालणे, असा त्यांचा साधारण क्रम असतो. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील मॅडेलिन हॅकनी आणि गॅमन अर्हार्ट या संशोधकांनी टँगो नृत्याचा अभ्यास केला, तेव्हा रुग्णांचा तोल सुधारत असल्याचे त्यांना आढळले. नृत्याने ही व्याधी बरी होत नाही आणि औषध थांबविणे तर घातकच ठरेल, हेही येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परंतु ज्याला आठवडाभर 'रुग्ण' म्हणूनच वागविले जाते, तो तासभर 'नर्तक' म्हणून उभा राहतो. कुटुंबीयही त्याच्या शेजारी उभे राहून तीच हालचाल करतात. याचे मोल कोणत्या खात्यात लिहावे?

सेवा आणि कौशल्य

या दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. या कलावंतांची सेवा त्यांच्या कलेबाहेरची नाही. कार्यक्रम करून पैसे मिळवावेत आणि त्यातून अन्नदान करावे, हा मार्ग स्तुत्यच आहे. परंतु येथे कौशल्य हेच दान आहे. कर्णबधिर मुलीला ताल देणे किंवा खिळलेल्या वृद्धाचे पाऊल उचलविणे हे धनादेश लिहून होत नाही. त्यासाठी कोणीतरी पंधरा-वीस वर्षे घाम गाळून स्वतःचे शरीर घडविलेले असावे लागते. दहावीत घुंगरू उतरविले, की ही शक्यताच संपते.

आपल्या समाजास सेवेचे महत्त्व कोणी शिकवावयास नको. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिव भागात हाहाकार माजविला, तेव्हा भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली, हे सर्वश्रुत आहे. सेवेला नियोजनाची आणि प्रशिक्षित माणसांची गरज असते, हा त्या कार्याचा धडा आजही ताजा आहे.

नृत्याविषयीचा संकोच मात्र काही घरांत अजून आहे. त्यांनी आपल्याच परंपरेकडे पाहावे. भगवान ऋषभदेवांच्या वैराग्याचे निमित्त म्हणून आदिपुराणात नीलांजनेचे नृत्य येते. नाचता नाचता तिचे आयुष्य सरते आणि त्या क्षणी देहाचे अनित्यत्व प्रकट होते. जे सत्य उपदेशाने सांगावयाचे, ते तेथे नृत्याने सांगितले गेले. अर्वाचीन काळात अहमदाबादच्या साराभाई या जैन उद्योजक घराण्यात मृणालिनी साराभाई सून म्हणून आल्या. पती विक्रम साराभाई अवकाश संशोधनात मग्न असताना त्यांनी १९४९ मध्ये 'दर्पण' ही कलासंस्था स्थापन केली आणि सौराष्ट्रातील नवविवाहितांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी व्यथित होऊन त्या विषयावर नृत्यरचना केली. गिरणीमालकाच्या घराण्याची प्रतिष्ठा त्यामुळे उणावली नाही, वाढलीच.

जोखमीचा हिशेब

आता व्यवहाराचा प्रश्न. समकालीन नृत्यात उत्पन्न अनिश्चित असते, हे लपविण्यात अर्थ नाही. तिकीटविक्रीवर घर चालत नाही. देबू यांच्यासारख्या श्रेष्ठ कलावंतासही प्रायोजकांच्या शोधात आयुष्यभर फिरावे लागले. शिकविणे, नाटक-चित्रपटांसाठी नृत्यरचना करणे, शाळा-महाविद्यालयांत कार्यशाळा घेणे अशा अनेक वाटांनी नर्तक आपला चरितार्थ जुळवितो.

परंतु जोखीम ही गोष्ट व्यापाऱ्याला नवी आहे काय? सोयाबीन अथवा तुरीचा भाव पुढे काय राहील, हे ठाऊक नसताना आपण माल भरून ठेवतो. पगारावर जगणाऱ्या कुटुंबाला मुलाच्या पाच-सात अनिश्चित वर्षांचा भार पेलणे कठीण जाते. ज्या घरात चालते दुकान आहे, त्या घराला ते तुलनेने सोपे जाते. शिवाय पदवी घेऊ नये, असे कोणी म्हणत नाही. देबू यांनी वाणिज्याचे शिक्षण घेतलेच होते. अकरावी-बारावीची दोन वर्षे आठवड्यातून दोन तास सराव चालू ठेवला, तर वैद्यकीय प्रवेश हुकतो असे नाही. उलट सलग दहा तास खुर्चीवर बसणाऱ्या मुलाच्या शरीरास त्याची गरजच असते.

पुढील शिक्षणाच्या सोयीही फार दूर नाहीत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित आणि प्रयोगजीवी कलांचे संकुल आहे. छत्रपती संभाजीनगर येथे पार्वती दत्त यांचे 'महागामी' हे गुरुकुल कथक आणि ओडिसीचे सखोल शिक्षण देते. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्याची पदवी आणि पदव्युत्तर पदवी घेता येते.

आपल्या गावात काय करता येईल?

मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. आपल्या समाजाची सभागृहे आणि मंगल कार्यालये लग्नतिथी वगळता सकाळच्या वेळी रिकामीच असतात. तेथे आठवड्यातून एकदा, पंधरा-वीस खुर्च्या मांडून, ज्येष्ठांसाठी लयबद्ध हालचालींचा वर्ग सुरू करता येईल. दोन अटी मात्र पाळाव्यात. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा भौतिकोपचारतज्ज्ञ यांचा सल्ला आधी घ्यावा आणि तोल जाऊन कोणी पडणार नाही, यासाठी प्रत्येकाबरोबर घरातील एक व्यक्ती असावी. शिकविण्यासाठी गावातील एखाद्या नृत्यविशारद तरुणीला, पुण्यासारख्या ठिकाणी हे काम पाहून येण्याकरिता समाजाच्या निधीतून प्रवासखर्च आणि मानधन द्यावे. सेवा म्हणून तिने फुकट शिकवावे, अशी अपेक्षा ठेवू नये. हिशेबनिसाला आपण पगार देतोच ना?

दोन्ही जिल्ह्यांत कर्णबधिर मुलांची विद्यालये आहेत. तेथे वाढदिवसाला मिठाई नेण्याची प्रथा चांगली आहे. तिच्या जोडीला, नृत्य शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तेथे दर महिन्याला दोन तास द्यावेत आणि वर्षअखेरीस दोन्हीकडील मुलांनी एकत्र कार्यक्रम सादर करावा. आपली मुले तेथे जे शिकतील, ते कोणत्याही शिकवणी वर्गात मिळणार नाही.

आणि ज्या घरात यंदा मुलगी दहावीला आहे व ती मनापासून नाचते, त्या घरातील वडीलधाऱ्यांना एक विनंती. निकाल लागल्यानंतर वाढीव गुणांचा आनंद अवश्य साजरा करावा. मग तिला एकदा शांतपणे विचारावे, 'बाळा, पुढे शिकायचे आहे का?' तिचे उत्तर 'नाही' असेल, तर ते स्वीकारावे. 'हो' असेल, तर मध्यमेनंतरच्या विशारद परीक्षेचा अर्ज त्याच महिन्यात भरावा.